समासातली पेन्सिल

जामसंड्याच्या वाचनालयातून आणलेली जुनी कादंबरी.
खाकी पुठ्ठा, पहिली आठ पानं गहाळ,
म्हणून नाव कळत नाही, कुणाची तेही नाही.
गोष्ट मात्र लागते :
गिरणीवाल्या विधुराची एकुलती मुलगी
आणि दर रविवारी घोड्यावरून येणारा
एक कर्जबाजारी तरुण.
तो मुलीसाठी येतो की गिरणीसाठी,
एवढ्यावरच तीनशे पानं.

समासात दोघं भांडलीत, पेन्सिलीने.
पान ४१ : "लबाड आहे हा. ओसरीवर बसून जात्याचा आवाज ऐकतो."
"बांगड्यांचाही ऐकत असेल."
पान ९६ : "पोती मोजली त्याने. मी पाहिलं."
"तू कुठे होतीस?"
"पान ९४ वर."

मी हसले.
अंगणात सोलं वाळत होती, एक कावळा हाकलला,
परत येऊन बसले.

पान २१२ :
"गिरणी नसती, तर आला असता?"
"हा नसता आला.
मी आलो असतो. खरं."

त्या 'खरं'मधला ख फुटलेला.
र एकीकडे, व एकीकडे.

यांचं नाव मी घेत नाही अजूनही,
पण अक्षर ओळखते.
एकतीस हंगाम आंब्याच्या वहीत हाच फुटका ख :
खोकी, खत, खळ्याची मजुरी, खर्च.

मागच्या चिठ्ठीवर तारखा, एकाआड एक दोन नावं.
दुसरं : कु. अनसूया तारी.
तिचे वडील खाडीत तर चालवायचे, पूल व्हायच्या आधी.
एक होडी. तीही अर्धी भावाची.

माझ्याकडे हे आले तेव्हा
सासऱ्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा,
यांच्या हातात बाबांनी दिलेला सातबारा.
बेचाळीस कलमं.
मी चहा ठेवला, तर हे वर न बघता म्हणाले,
"पाणी विहिरीचं की पऱ्ह्याचं?"
मला वाटलं, चहाचं विचारतायत.
"विहिरीचं," मी म्हटलं.
एवढंच आमचं बोलणं, लग्नाआधीचं.

रात्री भिंगीचं कालवण.
गोड मासळी, पण काटेच काटे.
हे काटे काढून मऊ गर
माझ्या ताटाच्या कडेला ठेवतात,
पहिल्या वर्षापासून, काही न बोलता.
वहीत हे कुठल्याच रकान्यात नाही.

आज विचारलंच :
"तरीवाल्यांची अनसूया कुठे असते हल्ली?"
"कोण?"
आणि एक बारीक काटा चिमटीत धरून
हे बल्बकडे बघत राहिले,
जणू तो आहे की नाही, याचीच खात्री करतायत.
मग म्हणाले, "जेव गो. थंड होतंय."

पुस्तक सोमवारी परत द्यायचंय.
पान २१२ वर, अगदी खाली,
दोन ओळींची जागा उरलीय.
विळीवर पेन्सिल तासून ठेवलीय मी.