बिदुम

जामोदच्या वर, सातपुड्याच्या घोट्याशी
एकवीस घरं. एकविसावं झुमलीबाईचं.
मी खाटेवर, मांडीवर जनगणनेचा फॉर्म,
पेन दोनदा झटकलेलं.

नाव. वय. ("साल नाई ठावं, गुरुजी.
देवी आल्ती गावात तवा मी रांगत व्हती.")
खोली एक. चूल लाकडाची. दार टिनाचं,
त्यावर कुण्या जुन्या निवडणुकीचं चिन्ह, उलटं.

मग मातृभाषा.

गुलसिंग दारातूनच बोलला, "कोरकू लिवा."
मी म्हटलं, घरात तर वेगळंच बोलता तुम्ही.
"कोरकू लिवा न, गुरुजी.
पोरीच्या दाखल्यावर तेच हाय,
दोन वर्सं घातले तहसिलीत त्याच्यापायी.
आता तुमी काई वेगळं लिवसान
अन् उद्या कोनी म्हनन, हे कोन लोकं?"

खोटं नव्हतं. सरकारी यादीत
आधी कोरकू, मग स्वल्पविराम, मग एक नाव,
पुन्हा स्वल्पविराम, पुन्हा नाव,
आणि तिथं कुठंतरी निहाल:
लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत
दुसऱ्यांच्या खांद्यांमधून अर्धा दिसणारा माणूस.

चौदा वर्षं झाली मला या शाळेवर.
बाजारात पाहिलंय.
झुमलीबाईची चारोळी तराजूत,
व्यापारी भाव सांगतो,
ती सुनेकडे न बघता दोन शब्द टाकते,
तांदळातला खडा बाजूला टाकावा तसे.
सून टोपली उचलते.
सौदा कुठं मोडला, त्याला कळत नाही.
शेजारी बसलेल्या कोरकू बाईलाही कळत नाही.

त्याच बाईच्या सासऱ्याकडं
झुमलीबाईचा नवरा जन्मभर सालदार.
हुकूम कोरकूत, शिव्या कोरकूत.
"अन् बैलाले?" मी विचारलं.
म्हातारी पहिल्यांदा हसली.
"बैल मालकाचा व्हता, पन त्याले आमचंच समजे.
मालक हाकले तर हालतबी नसे."

सुंदी, माझ्या चौथीतली, फॉर्मवर वाकलेली.
परवा हापशीवर पडली तेव्हा
रडताना ती काय म्हणत होती,
मला समजलं नव्हतं. मी नुसतं गुडघ्याला औषध लावलं.
आता तीच म्हणाली, आजी, मोजून दाखव गुरुजीले.

झुमलीबाईनं अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला.
बिदुम.
ईरार. मोथो. नालो.
आणि पाचाला सरळ बाजारातलं पाच.

"बस? चारच?"

"चार कुठले," ती म्हणाली.
"एक आमचा. बाकीचे मांगून आनले कोनाकोनाकून.
एकाले कोनाच्या दारी जा लागत नाई."

चुलीवर काहीतरी उतू गेलं. सून उठली.
गुलसिंग माझ्या हाताकडं पाहत होता,
तहसिलीतल्या बाबूच्या हाताकडं पाहतात तसं.

मी कोरकू लिहिलं.

खाली आणखी दोन जागा असतात,
येत असलेल्या इतर भाषांसाठी.
"मराठी," तो म्हणाला. "हिंदी."
दोन्ही भरल्या.
सुंदीनं फॉर्म उलटा करून पाहिला,
मागं काही जागा आहे का म्हणून.
मागं सूचना होत्या, बारीक अक्षरात, आम्हा मास्तरांसाठी.

झुमलीबाईनं अंगठा दिला.
शाई जास्त झाली, रेषा दिसल्या नाहीत,
मी म्हटलं चालतं.

टेकडी उतरताना उगाच पावलं मोजायला लागलो.
बिदुम.
पुढचं आठवेना.
मागं वळून विचारायला जावं, इतकंही लांब आलो नव्हतो.
गेलो नाही.
बिदुम, बिदुम, बिदुम,
डांबरी लागेपर्यंत तेवढंच.