बटण एक

क्लायपेदात नोव्हेंबर. बंदरातली पाळी संपवून खाली उतरले
तर कुंपणाशी ती उभी होती. माझी.
अजून जीभ अडखळते म्हणताना.
अकरा वर्षांची, गडद निळी, ब्रेमेनच्या कुणा दंतवैद्याने विकलेली,
मिठाने खाल्लेल्या गाड्यांच्या रांगेत
लग्नघरातून चुकून मयताला आल्यासारखी.

चाळीस टनांचे कंटेनर मी बोटभर दांडीने उचलते,
तीस मीटर उंचीवर बसून, रोज,
तरी हिच्या पेडलवर पाय ठेवताना
पहिल्या दिवशी तळव्याला घाम सुटला.
आधी ती पुढे गेली, मग माझं पोट,
मग बऱ्याच वेळाने मी.

मेकॅनिक रिमगौडस खाली सरपटत गेला,
बाहेर येऊन हात पुसत राहिला, नको तेवढा वेळ.
"इंजिन ठणठणीत," म्हणाला, "बाकी सगळं त्याच्या जिवावर उड्या मारतंय."
डाव्या पुढच्या चाकावरची हवेची उशी रात्रभरात बसते.
सकाळी ती एका गुडघ्यावर टेकलेली असते,
चालू केली की सुस्कारा टाकून उठते,
माझ्या आईसारखीच,
कुणी हात दिलेला न खपणारी.
नव्या उशीची किंमत माझा दीड पगार.
बिरुता जिन्यात भेटली. पिशव्या खाली ठेवून म्हणाली,
"हत्ती बांधलास दारात. चारा?"

सीटखाली सापडलं ते:
कागदासकट चिकटलेली पेपरमिंटची गोळी,
इस्पितळाच्या पार्किंगच्या पावत्या, सात, सगळ्या एकाच महिन्यातल्या,
मुंडी नसलेला प्लास्टिकचा घोडा.
घोडा ठेवला.

दारावर दोन बटणं आहेत, एक आणि दोन.
एक दाबलं की सीट मागे सरकते, आणखी मागे,
पाठ कलते, आरसे आभाळाकडे बघू लागतात
आणि माझे पाय लोंबकळतात शाळकरी पोरीसारखे.
उंच होता तर. कमरेत दुखत असणार,
तिथे फुगवटा केवढा ठेवलाय.
दोन दाबलं तर सीट जवळजवळ माझ्या मापाची.
बोटभर पुढे, इतकंच.
म्हणजे बाई माझ्याहून बुटकी,
किंवा भित्री,
किंवा बॉनेटचं टोक दिसल्याशिवाय तिला चैन पडत नसेल.

शनिवारी आईकडे निघाले, रिएतावासला.
काट्यापुढे दोनशे ऐंशीपर्यंत आकडे,
एकशे वीसला ती जांभया देते.
पुढे एक ट्रक, पाठीवर लाल कंटेनर,
कोपऱ्यातला पोचा ओळखीचा. गुरुवारी मीच चढवलेला.
त्याला मागे टाकायला पाय दाबला,
आणि दोन्ही बाजूंची पाइनची झाडं
कुणी वही फरफर चाळावी तशी गेली.
मी ओरडले. एकटीच, काचा बंद, पोटातून.
पन्नाशीला आलेली बाई.
मग पाय उचलला, इकडेतिकडे पाहिलं,
आणि रिएतावासपर्यंत अगदी शहाण्यासारखी चालवली.

आईने तिला एक चक्कर मारली. टायरला काठी लावून बघितली.
मग डिकीत बटाट्याची दोन पोती टाकायला लावली.
चामड्याच्या वासाला तेव्हापासून मातीचा दर्प आहे.

परतताना, उगाच, पडद्यावरचं 'घर' दाबलं.
आतली बाई जर्मनमध्ये बोलली, शांतपणे:
चौदाशे किलोमीटर, पहिल्या वळणावर मागे फिरा.
मी सरळ गेले. तिने रागावल्याशिवाय पुन्हा हिशेब केला,
पुन्हा, पुन्हा,
पार माझ्या इमारतीच्या दारापर्यंत.

रिमगौडस म्हणतो, पुसून टाक सगळं, दोन मिनिटांचं काम.
टाकेन.
आज पहाटे काचेवर बर्फाची साय होती.
सीट तापायला लागली, हळूहळू,
आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.
ती गुडघ्यावरून उठेपर्यंत मी बसून राहिले.
दोन मी बोटभर मागे घेतलंय.
एक अजून तसंच आहे.