एक ते पाच

गोकाकची पोर, पीएचडी करते,
चाळीस प्रश्नांचं भेंडोळं घेऊन
परीक्षा विभागात आली.
फॉर्म इंग्रजीत, ती कानडीत समजावणार,
मी मराठीत विचार करून गोल काढणार.
बेळगावात हे असंच चालतंय,
कुणाला जड जात नाही.

वरिष्ठांच्या कार्यपद्धतीमुळं
कामात समाधान मिळतं का?
एक म्हणजे अजिबात नाही.
पाच म्हणजे पुरेपूर.

कुठले वरिष्ठ, बाळ?
सत्तावीस वर्षांत नऊ कुलसचिव झाले.
आताच्यांचा आवाजसुद्धा मला ठाऊक नाही,
त्यांचे मेल येतात, रात्री अकराला,
शेवटी सही, सहीखाली एक सुविचार.

पट्टणशेट्टी साहेब विचारशील तर
हजेरीपुस्तक आपटायचे टेबलावर.
दहा वाजून एक मिनिट झालं की लाल रेघ.
माझ्या नावावर त्यांच्या अकरा रेघा आहेत,
एक तर सासूबाई गेल्या त्या आठवड्यातली.
एक लिही.
थांब, लिहू नको.

त्या वर्षी बीकॉमचे गुण
एका ओळीनं खाली सरकले.
ह्याचे त्याला, त्याचे तिला.
तीनशे बारा पोरं नापास,
निपाणीपासून अथणीपर्यंत फोन वाजत होते.
साहेबांनी बूट काढले, स्टूल ओढलं,
पहाटे तीनपर्यंत नंबर वाचत बसले मोठ्यानं
आणि आम्ही टिका मारत.
मध्येच मान वर करून म्हणाले, "ऊटा आत री?"
नाही म्हणायच्या आत ड्रायव्हर ढाब्यावर गेला,
रोट्टी आणि शेंगाचटणी आली,
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पेपर पसरून जेवलो.
सकाळी सिंडिकेटपुढं म्हणाले,
"विभागाला बोलवू नका, चूक माझी."
आणि मी त्या दिवशी दहा-चारला आले
तर रेघ.
लालच.

नंदगडकर सर मात्र गोड माणूस.
आपल्या भाषेचे म्हणून आम्ही चौघी खूश होतो,
खोटं कशाला बोलू.
वाढदिवसाला कुंदा, पहिल्या नावानं हाक,
"आपण सारे एक कुटुंब."
खरं सॉफ्टवेअर बिघडलं तेव्हा
कुणाचं तरी नाव पाहिजे होतं.
बसवराजची बायको तेव्हा हॉस्पिटलात, सातवा महिना.
त्याला विजयपूरची बदली.
ऑर्डर मीच टाइप केली,
सरांनी एकच दुरुस्ती सांगितली,
सुरुवातीला "प्रिय" घाला म्हणाले.

तर ह्याला किती द्यायचे सांग.
पोर पेन चावत राहिली.
म्हणाली, मॅडम, सरासरी काढा.

सरासरी काढून काढूनच केस पांढरे झाले, बाळ,
ती मला चांगली येते.
तीन, तीन, तीन, दोन, तीन,
एकोणचाळीसपर्यंत आले भराभर.

चाळिसावा प्रश्न:
तुमच्या हाताखाली किती कर्मचारी?

एक.

भरमा.
तेवढ्यात तो आलाच, दोन अर्धे चहा घेऊन.
पोरीपुढं ठेवला, माझ्यापुढं ठेवला,
कपाची दांडी माझ्या उजव्या हाताकडं वळवून.
नऊ वर्षं वळवतोय.
रोज दीड वाजता दारात उभा राहून विचारतो,
"ऊटा आत री, बाई?"
मी हो म्हणते, डबा त्याच्याकडं देते विसळायला.

हा कुठं जेवतो?
जिन्याखाली? झेरॉक्सवाल्याकडं? बाहेर, दुभाजकाजवळच्या झाडाखाली?
ह्याला डबा कोण करून देतं?

पोरीनं कागद गोळा केले,
थँक्स म्हणाली, दाराशी पोचली
आणि थबकून भरमाकडं बघितलं.
"ह्यांचाही फॉर्म घेतला तर चालेल का, मॅडम?
त्यांच्या वरिष्ठांबद्दल?"

भरमा हसला, माझ्याकडं बघून,
परवानगी मागितल्यासारखा.

मी म्हटलं, घे की.
आणि उगाचच उठले,
खिडकीकडं जाऊन उभी राहिले,
त्याला गोल काढताना
माझा चेहरा दिसू नये म्हणून.