चर्चची किल्ली

किल्ली अजून माझ्याचकडे आहे.
वीतभर लांब, लोखंडी,
एप्रनच्या खिशात मावत नाही
म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवते.
ऑक्टोबर ते एप्रिल चर्च बंद.
तेलाचं बिल आलं त्या वर्षी मंडळींनी हात वर केले,
मतदानासाठी,
आणि दुसऱ्या अर्थानंही.

तेव्हापासून हिवाळ्यात देव
अग्निशमन केंद्रात येतो.
असं मी म्हणते. पाद्रीणबाई साना म्हणतात,
तो आधीपासून तिथेच होता, इम्पी,
आपण उशिरा आलो.
त्यांना असं बोलायचाच पगार मिळतो,
चार गावांचा मिळून एक.

गाडी बाहेर काढता येत नाही, टाकीतलं पाणी गोठतं.
मग आम्ही तिच्या कडेनं बसतो,
घडीच्या खुर्च्यांवर, एका रांगेत,
लाल पत्र्यात आपापली वाकडी तोंडं बघत.
वर वाळत घातलेले पाइप.
खाली बूट, बुटांतच खोचलेल्या विजारी,
कुणी आत्ताच त्यांतून उठून गेल्यासारख्या.
वेदी म्हणजे हत्यारांचं टेबल.
पांढरं कापड मी घरून इस्त्री करून नेते,
तरी ग्रीसचा एक डाग वर येतोच.

ऑर्गन ओइवाच्या फोनमध्ये आहे.
हेलसिंकीतल्या कुठल्याशा मोठ्या चर्चचा,
आमच्यापेक्षा जरा घाईत वाजणारा.
आम्ही अर्धी ओळ मागे, धापा टाकत.
फुराहा धावत नाही.
किवूहून आली तेव्हा तिला बर्फ माहीत नव्हतं,
गाणं माहीत होतं.
ती तिच्या चालीनं गाते,
मग फोनलाच थांबावं लागतं.
माझ्या आईनं हे ऐकलं असतं तर...
आईचं सोडा, पहिल्या रविवारी
नाक मीच मुरडलं होतं.
आता भांडी घासताना तीच चाल तोंडात येते.
शब्द येत नाहीत.

जानेवारीतला तो रविवार, उणे सत्तावीस.
आम्ही अकरा जण.
प्रार्थना म्हणत रोजच्या भाकरीपर्यंत आलो
आणि भोंगा झाला.
चौघं उठले. मौनो, ओइवा, टॅक्सीवाली आइला,
आणि फुराहाचा एस्पुआर,
ज्याला मागच्याच महिन्यात हेल्मेट मिळालं.
विजारीत पाय, बुटात पाय, एकाच उडीत.
दार वर गेलं. थंडी आत शिरली.
गाडी गेली, तिच्याबरोबर आमची तोंडंही.
समोर उरला ड्यूटीचा तक्ता
आणि कुणीतरी विसरलेला हातमोजा.

साना म्हणाल्या, पुढे म्हणू या?
कुणीच काही बोललं नाही.
फुराहा दाराकडे बघत होती.
पुढचं वाक्य क्षमेचं.
नऊ वर्षांपूर्वी मौनोनं
माझ्या भावाच्या रानातला हद्दीचा दगड सरकवला,
फार नाही, दोन बर्च झाडांइतका.
तेव्हापासून ते वाक्य जवळ आलं
की मला खोकला येतो.
सगळ्यांना माहीत आहे. मौनोलाही.
त्या दिवशी खोकायला कारणच नव्हतं,
खुर्ची रिकामी होती.
मी तिच्यावर त्याचा कोट नीट घडी करून ठेवला.
मग तो पुन्हा विस्कटून ठेवला.

दीड तासानं परतले.
कुणाची तरी सौना जळाली होती, बाकी काही नाही.
एस्पुआरच्या पापण्या पांढऱ्या,
मौनोच्या दाढीत बर्फाचे मणी,
सगळ्यांना धुराचा वास.
कॉफी पार थंड झाली होती.
कुणी आधी कप उचलला नाही.
ओल्या कपड्यांतच उभे राहिले
आणि साना जिथे थांबल्या होत्या
तिथूनच पुढे निघालो.

खोकला आला.
पण तोवर वाक्य संपलं होतं.

काल चर्चमध्ये जाऊन आले,
उंदरांसाठी आणि छतासाठी.
आत बाहेरपेक्षा जास्त गार.
बाकावर थोडं बसले, कोट घालूनच.
मेमध्ये उघडेन.
दोनशे माणसांची जागा आहे इथे,
एकमेकांपासून लांब बसायला
भरपूर.
बघू.