बिबडे वाळले का

तीन दिवस भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास
जिन्यापर्यंत आला की मला कळतं,
तुझा वाढदिवस आला.

कॅलेंडर नाही बघत मी.
शाळेत नाव घालताना गुरुजींनी
अख्ख्या वर्गाला एक जून वाटून टाकला,
म्हणून एक जूनला तुला बँकेचा मेसेज येतो,
सुरतच्या त्या दवाखान्यात केक कापतात,
तोंडाला फासतात, फोटो येतो मला.
बघते. छान दिसतेस.
पण तू अखाजीनंतरच्या चौथ्या दिवसाची आहेस, माय,
हे मला माहीत आणि या ज्वारीला.

आज पहाटे चारलाच चूल पेटवली.
गॅसवरच्या घाट्याला ती चव नाही.
(तू म्हणतेस आहे. असो.)
लसूण, जिरं, तीळ, वाटलेली मिरची.
भगोण्यात घोटणी फिरवताना
आता उजवा खांदा बोलतो.
दिवाळीला त्याचा एक्स-रे काढलास,
काळ्या कागदावर पांढरी हाडं,
"हे बघ आई, इथे झिजलंय."
मी तुझं बोट बघत होते.
अंगठीच्या जागी नुसता फिकट वळ.
मी विचारलं, "शेवभाजी करू का?"

अशीच आहे मी. तुला ठाऊक आहे.
अर्धंच ठाऊक आहे.

हे घर तेव्हा मातीच्या धाब्याचं होतं.
खाटेवर ओलं धोतर अंथरून
मी अर्धी खाट बिबड्यांनी भरली होती
आणि कळ आली.
जिना कशी उतरले, आठवत नाही.
हाताला घाटा तसाच चिकटलेला,
तो सुकून बोटं ताठ झालेली.
दुपारी बाराचं ऊन कौलाच्या फटीतून
रामकोरबाईच्या पाठीवर पडलं होतं,
ती म्हणाली, "पोरगी शे."
आणि मी विचारलं,
"बिबडे वाळले का?"

ही गोष्ट तुझ्या आत्याने
अमळनेरच्या प्रत्येक लग्नात सांगितली.
पंगत हसायची. तूही हसायचीस.
आठवीत होतीस तेव्हा हसली नाहीस,
उठून हौदापाशी जाऊन बसलीस,
पाण्यात हात घालून, कितीतरी वेळ.
मी वाढत होते. हातात वरणाची बादली होती.
तेव्हा यायला हवं होतं मी.

तर ऐक.
तुझ्याआधी एक झाला होता.
तो रडलाच नाही.
त्याचं नाव ठेवायची वेळच आली नाही.
आणि तू आलीस, तूही गप्प.
रामकोरबाई तुला पालथी धरून
पाठीवर थापट्या मारतेय,
बाहेर सुपडूभाऊच्या म्हशीच्या गळ्यातली
लोखंडी घंटासुद्धा वाजेना.
"जिवंत आहे का" हे शब्द
माझ्या जिभेवर येत होते
आणि आले असते तर खरे झाले असते.
म्हणून जे दुसरं हाताशी होतं ते विचारलं.

मग तू रडलीस.
म्हशीने दावं तोडलं, असं सुपडूभाऊ सांगायचा.
तो थापाड्या होता, पण तेवढं मी मानते.

बिबडे त्या दिवशी कुणी उलटलेच नाहीत,
धोतरासकट कडकडीत झाले.
तेल लावून तळले तुकडे,
तुझ्या बारशाला.

आत्ता ऊन चढलंय.
धोतराला मागून पाणी शिंपडते,
एकेक कड सोडवते, हलक्या हाताने,
ओढलं तर फाटतं.
डबा भरून सुपडूभाऊच्या नातवाबरोबर
उद्याच्या गाडीने सुरतला पाठवेन.
वर चिठ्ठी ठेवावी म्हणते.
काय लिहू? वळाचं विचारू का?

फोन वाजतोय. तूच.
दवाखान्यात दिवसभर गुजराती बोलतेस,
माझ्यापाशी येऊन आहिराणी सांडतेस,
"काय करी ऱ्हायनी? गच्चीवर नको जाऊ,
ऊन लागी जाई तुले."
मग थोडा वेळ दोघी गप्प.
तुझ्याकडे मागे कुणाचा तरी नंबर पुकारतात.
आणि तू, दर वर्षीसारखीच,
पण आज जरा हळू,
विचारतेस,
"बिबडे वाळले का?"

एक बाजू ओली आहे अजून, माय.
तू बोल.