एकसष्टावा

साठ मुलांना दोन शिक्षक,
एकसष्टला तीन.
तिसरी मी.
मूल मिळालं नाही तर नोकरी जात नाही,
जाते ती फक्त ही शाळा,
हा पिसोळीचा चढ,
आणि फुगवटा आलेला तो फळा,
ज्यावर कितीही जपून लिहिलं तरी ‘क्ष’ वाकडा येतो.

सप्टेंबर संपायला नऊ दिवस होते.
घोलपबाई म्हणाल्या, बघा कुठे एखादं मूल मिळतंय का,
वाटीभर साखर मागावी तसं.

मोमीन सरांच्या स्कूटरवर मागे बसून हिंडले.
सोसायट्यांच्या गेटांपाशी पिवळ्या बस.
वॉचमन म्हणाला, इथली सगळी इंग्लिशला जातात.
माझीपण.
हे त्यानं जरा हळू सांगितलं.

सापडला तो एका साइटवर, वाळूच्या ढिगावर,
कडेवर बहीण. केवल राठोड,
पुसदकडचा, वय आठ असेल नाहीतर नऊ.
आई म्हणाली, स्लॅब पुरे होईस्तोवर आहोत इथं.
किती राहिल्या?
चार.
एका स्लॅबला तीन आठवडे धरले,
म्हणजे नाताळापर्यंत.
पट मोजायला तेवढं पुरे.
या हिशेबाची लाज
मला संध्याकाळी वाटली, कुकर लावताना.

आला तो. बहिणीसकट आला.
तीन वर्षांची, पटावर धरता येत नाही,
खिचडीच्या रांगेत मात्र धरली.
वजाबाकीत दशक सुटा करताना
तो म्हणायचा, थप्पी फोडली बाई.
दहा विटांची एक थप्पी. मग सगळा वर्गच
थप्प्या फोडू लागला.
बारा वर्षं मी काड्यांचे गठ्ठे बांधत होते.

मग ऑनलाइन.
गावच्या दाखल्यावर ‘केवल’,
आधारवर ‘केवळ’.
लाल अक्षरांत आलं : माहिती जुळत नाही.
दुरुस्तीला कोंढव्याला गेलो,
टोकन मिळालं पुढच्या महिन्याचं.
किती मुलांना शिकवला असेल मी हा ळ,
जीभ उलटी वळवा, टाळूला टेकवा,
तोंडात बोट घालून दाखवला आहे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि संचमान्यता आली.
कसा भरभक्कम शब्द,
रुखवतात मांडलेल्या भांड्यांसारखा.
पट साठ. मंजूर दोन, कार्यरत तीन,
अतिरिक्त एक.
सेवेनं सगळ्यांत धाकटी मी.

सात वर्षं शिपाई नाही,
घंटा मोमीन सर देतात, टाकीचा कॉक मी फिरवते,
सादिलच्या पैशात खडू येतात
नाहीतर लाइटबिल भरलं जातं,
दोन्ही एका महिन्यात कधी झालं नाही.
त्या शाळेत एक गोष्ट जास्तीची निघाली.

समायोजन फुरसुंगीला.
तिथं दोन वर्षं जागा रिकामी,
चार वर्ग एका बाईंच्या गळ्यात.
तीही मुलंच आहेत ना सर, मी म्हणाले.
पटलं मला ते.
अर्धं पटलं.
मोमीन सर स्कूटरचा आरसा पुसत राहिले.

शेवटच्या दिवशी परिपाठानंतर
सगळ्या शाळेची हजेरी मी मागून घेतली.
साठ नावं शाईनं.
त्याखाली पेन्सिलीनं एक.
साइटवर दोन स्लॅब बाकी होत्या अजून,
मिक्सरचा आवाज मैदानापर्यंत येत होता,
म्हणून नाव मोठ्यानं घेतलं.
‘हजर,’ तो म्हणाला.
आणि कडेवरून ती,
जिला कुणी विचारलं नव्हतं, ‘हजर.’

घोलपबाई दारात उभ्या होत्या,
माझा कार्यमुक्तीचा कागद हातात,
सहीसाठी पेन शोधत.
पेन्सिल चालणार नव्हती.
मी माझं पेन दिलं.