बूच

मार्गशीर्षातला मंगळवार. स्टेशनामागच्या शेडमध्ये
ट्रेलरवर चढवलेली बोट, नाक वर, शेपूट खाली,
म्हणजे पोटातलं पाणी आपणहून मागे यावं.
हर्षाली बेंडकोळीला सांगतो, आधी बूच काढ.
ती वाकते, पान्याला जोर लावते,
आणि श्रावणातली गोदावरी
अंगठ्याएवढ्या भोकातून
गढूळ, बारीक, फरशीवर येते.

येऊ दे. घाई नाही आता.

चार महिने घाईच होती.
गंगापूरहून किती सोडलं, होळकर पुलाखाली किती,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला.
या गावात पाणी मारुतीच्या अंगावर मोजतात,
आम्ही आमच्या.

आता नळाचं पाणी. इंजिनाच्या दोन्ही कानांवर
रबरी वाट्या बसवून पाइप जोडला.
दहा मिनिटं पिऊ दे, गाळ खोकून टाकू दे.
मग पेट्रोलची नळी काढायची आणि थांबायचं.
कार्बोरेटरात उरलंय तेवढ्यावर ते चालतं,
दोनदा अडखळतं, एकदा मोठ्यानं ओरडतं
आणि गप्प.
"मेलं?" हर्षाली विचारते.
"उपाशी झोपवलं. भरल्या पोटी ठेवलं
तर जूनमध्ये उठत नाही."

प्लग काढून सिलिंडरांत तेल, चाक हातानं फिरवत.
गिअरचं तेल काळं निघालं, बरं झालं;
दुधाळ असतं तर नदी आत शिरली समजायचं.
बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. ट्रेलर विटांवर, बेअरिंगांत ग्रीस.
डांबरगोळ्या, कारण उंदरांना वायरींची फार आवड.

सीटखाली निघालं ते तिनं बादलीत टाकलं:
भांडीबाजारातलं कुकरचं झाकण,
चिखल झालेला झेंडूचा हार,
डाव्या पायाची लहान चप्पल, एकच.
चप्पल तिनं परत बाहेर काढली,
नळाखाली धुतली, खिडकीच्या गजाला अडकवली.
कोणी न्यायला येईल असं नाही.

"काका, बूच किल्लीलाच का बांधता तुम्ही?"

एका वर्षी बांधलं नव्हतं.
रात्री अडीचला बोट लोटली, बूच इथे, याच फळीवर.
पाणी घोट्याला लागलं तेव्हा वाटलं, पावसाचंच.
पोटरीला आलं तेव्हा कळलं.
समोर विजेच्या खांबाला मिठी मारलेला माणूस,
पांढरा शर्ट. त्यानं आम्हाला पाहिलं
आणि एक हात सोडून हलवला.
आम्ही वळलो.
बूच लावून परत गेलो तेव्हा खांब होता.
पुढच्या घाटावर कोणीतरी दोर टाकून काढलं म्हणे त्याला.
म्हणे.
खात्री करायला मी गेलो नाही.

हर्षाली बोलली नाही काही.
ताडपत्रीचं एक टोक तिनं धरलं, एक मी.
तिची गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते.
मार्चअखेर मी निवृत्त होईन,
जूनमध्ये ही बोट तिची.

घरी शर्ट खुंटीला लावताना
खिशातून काहीतरी टणकन पडलं.
पितळेचं, आटे झिजलेलं, अंगठ्याएवढं.
बोलण्याच्या नादात बांधायचंच राहिलं.
"हे कसलं?" कुमुदिनीनं उचलून दिव्याला धरलं.
"भोकाचं."
रेडिओ सांगत होता, निफाडचा पारा सातवर,
बागांतून शेकोट्या पेटवा.
मी स्वेटर चढवला, कानटोपी शोधली, स्कूटर काढली.
"बोट शेडमध्ये आहे ना," ती फाटकाशी येऊन म्हणाली,
"नदी कुठे, ती कुठे. सकाळी नाही चालणार?"

चालेल की, म्हणालो,
आणि किक मारली.